हितकारिणी सभेचे पुण्यस्मरण

बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२८ च्या जून महिन्यात आपले काम आटोपते घेतले, शिक्षणाची जबाबदारी एका नव्या मंडळाच्या हाती सोपवली आणि सार्वजनिक जीवनातून ती शांतपणे निवृत्त झाली. २० जुलै १९२४ रोजी मुंबईत तिची स्थापना झाली होती. म्हणजे चार वर्षे पुरी व्हायलाही थोडे दिवस बाकी होते. एवढ्या अल्पायुष्यात तिच्या हातून मोठी इमारत उभी राहिली नाही, मोठा निधीही जमला नाही. एक वसतिगृह, एक वाचनालय, काही परिषदा आणि सरकारदरबारी दिलेली निवेदने, एवढाच तिचा संसार. तरीही या राज्यातल्या शाळांत आज सगळ्या जातींची मुले एका बाकावर बसतात, त्यामागे ज्या वडीलधाऱ्यांचे श्रम आहेत, त्यांत या सभेचे नाव आदराने घ्यावे लागते.

जालन्याच्या मस्तगडाहून हे स्मरण लिहिताना एक गोष्ट आधीच सांगायला हवी. जालना हे सभेच्या कार्यक्षेत्रातले गाव नव्हते. सभेचे क्षेत्र मुंबई इलाखा. जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात. आसफजाहच्या आज्ञेवरून काबिलखानाने १७२५ मध्ये बांधलेला हा मस्तगड किल्ला ज्या राजवटीची खूण आहे, तिच्या हद्दीत मुंबईच्या कायदेमंडळाचा एकही ठराव लागू होत नव्हता. तरीही दर वर्षी १४ एप्रिलला मस्तगडच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुतळ्यापाशी जी माणसे अभिवादनाला येतात, त्यांत शिक्षक असतात, परिचारिका असतात, वकील असतात, कचेऱ्यांतले कर्मचारी असतात, निवृत्त मुख्याध्यापक असतात. त्यांच्यापैकी कितीतरी घरांत शाळेचा उंबरा ओलांडणारी ही दुसरी किंवा तिसरी पिढी आहे. बाबासाहेबांनी शाळेचे दार उघडले, असे ही माणसे म्हणतात, आणि ते खरेच आहे. नव्याने सनद घेतलेल्या त्या बॅरिस्टरने जेव्हा या दाराला हात घातला, तेव्हा त्याने स्वतः उभारलेली पहिली संस्था म्हणजे ही सभा. म्हणून कार्यक्षेत्राबाहेरच्या या गावावरही तिचे ऋण आहे.

सभेचे चरित्र सांगायचे तर तिच्या जन्माआधीची सुमारे सत्तर वर्षे पाहावी लागतात. १८५६ च्या जूनमध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश मिळाला नाही, म्हणून त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. तत्त्वतः न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे, हे सरकारने कबूल केले. पण एका मुलासाठी दार उघडले तर बाकीची मुले शाळा सोडतील आणि शाळाच ओस पडेल, ही अडचण त्याला मोठी वाटली आणि अर्ज मान्य झाला नाही. पुढच्या जानेवारीत कलकत्त्याच्या हिंदुस्थान सरकारने कळवले की, बंगालमध्ये असा प्रवेश नाकारला गेला नसता. प्रकरण विलायतेपर्यंत गेले. सरकारी पैशाने चालणारी शाळा सर्व वर्गांसाठी आहे, हे तत्त्व कागदावर पक्के झाले. १८८२ च्या हंटर आयोगाने ते पुन्हा मान्य केले. मात्र ते जपून अमलात आणावे असे सुचवले, आणि जिथे मुलांची संख्या पुरेशी असेल तिथे त्यांच्यासाठी खास शाळा काढाव्यात, असेही म्हटले. अशा रीतीने दोन गोष्टी एकाच वेळी नांदू लागल्या. नियमात सर्वांना खुली असलेली शाळा होती, आणि गावात वेगळी शाळा किंवा वेगळी ओसरी होती. धारवाडच्या मुलाच्या बाजूने तत्त्व होते. त्याच्या पाठीशी उभी राहील अशी संस्था मात्र नव्हती.

त्या काळातही मुलांना अक्षर देणारे हात होतेच. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा चालवल्या. आमच्या जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल नावाची वसाहत वसवली आणि तिथल्या मांग-महार कुटुंबांत मिशनचे काम केले. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशन सुरू केले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या सरकारी शाळांत घेण्याचा हुकूम काढला. वेगळ्या शाळांतूनही अनेक घरांना पहिली बाराखडी मिळाली, आणि त्या शाळांत मनापासून शिकवणाऱ्या गुरुजींचे उपकार विसरण्यासारखे नाहीत. हितकारिणी सभा आली ती या सगळ्यांच्या मागून, त्यांच्याच पुण्याईवर.

सभेच्या कर्त्या पुरुषाला शाळेतली वेगळी जागा ठाऊक होती. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आज जी प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते तिथे, भिवा या नावाने त्यांची नोंद झाली. प्रवेश क्रमांक १९१४. नाव हजेरीत होते, बसायची जागा मात्र कोपऱ्यात होती. बसण्यासाठी गोणपाट घरून न्यायचे आणि संध्याकाळी ते घरी परत आणायचे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी घालायचे. शिपाई नसेल तर पाणी नाही. हे अनुभव त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले. वडील, सुभेदार रामजी, लष्करी शाळेत शिक्षक होते, म्हणून घरात अभ्यासाला आधार होता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला. ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले, १९२३ मध्ये मुंबईला परतले आणि त्याच वर्षीच्या जुलैत त्यांनी उच्च न्यायालयात वकिलीची सनद घेतली.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट घडली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गाला वापरू द्यावेत, असे तो ठराव सांगत होता. सप्टेंबरमध्ये सरकारने त्याच्या अंमलबजावणीसाठी आदेश काढला. म्हणजे १८५६ ला जिथे गाडी अडली होती, तिथेच ती पुन्हा आली होती. तत्त्व मान्य होते, पण ते गावच्या शाळेपर्यंत नेणार कोण, हा प्रश्न उरला होता. वकिलाच्या दृष्टीने पाहिले तर हक्क सिद्ध झाला होता. आता तो वसूल करायचा होता.

हितकारिणी सभेचा जन्म या गरजेतून झाला. ९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये विचारविनिमयाची सभा भरली आणि चार महिन्यांनी संस्था रीतसर स्थापन झाली. वसतिगृहे काढून शिक्षणाचा प्रसार करणे, वाचनालये आणि अभ्यासवर्ग चालवणे, उद्योग आणि शेतीच्या शाळांमधून आर्थिक स्थिती सुधारणे, आणि अस्पृश्य वर्गाच्या तक्रारी सरकारपुढे मांडणे, असे तिचे उद्देश ठरले. त्यांच्या क्रमाकडे लक्ष द्यावे. पहिला मान वसतिगृहाला, आणि अर्ज-विनंत्यांचे वकिलीचे काम शेवटी. सभेचा स्वभाव या क्रमावरूनच कळतो.

तिच्या पहिल्या कार्यकारी मंडळात वेगवेगळ्या धर्मांची आणि पेशांची माणसे होती. अध्यक्षपदी मुंबईचे नामांकित वकील सर चिमणलाल सेटलवाड. उपाध्यक्षांत मेयर निसीम, रुस्तमजी जिनवाला, जी. के. नरिमन, रँग्लर र. पु. परांजपे, डॉ. चव्हाण आणि सॉलिसिटर बाळासाहेब खेर. परांजपे त्याआधी मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री होते; खेर पुढे मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले. सेटलवाडांचे चिरंजीव मोतीलाल हे स्वतंत्र भारताचे पहिले ॲटर्नी जनरल. कायदा कसा बनतो आणि कसा राबतो, हे जाणणारी ही मंडळी होती. व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर, चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर, खजिनदार निवृत्ती जाधव. रोजचा भार या तिघांवर होता. शिवतरकर पेशाने शिक्षक. दिवसभर शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात सभेचा पत्रव्यवहार, सभांची जुळवाजुळव, कार्यकर्त्यांशी बोलणी हे सगळे पाहायचे, असा त्यांचा शिरस्ता. मोठ्या नावांच्या यादीत अशी नावे लहान अक्षरांत छापली जातात. संस्था मात्र अशाच माणसांच्या चिकाटीवर चालतात.

बॅरिस्टरांची कचेरी दामोदर हॉलच्या आवारात होती आणि बिऱ्हाड जवळच पोयबावडीच्या बीआयटी चाळीत. वकिली नवी होती, अशील गरीब होते. बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून ते प्रपंचाला हातभार लावत. गिरणीतून सुटलेला कामगार, गावाहून आलेला तक्रारदार, शाळेत नाव घालता येईना म्हणून हवालदिल झालेला बाप, अशी माणसे या भागात सभेचा आणि वकिलाचा पत्ता विचारत येत. पक्षकार आणि समाज यांच्यातली रेघ त्या कचेरीत फारशी उरली नव्हती.

सभेच्या हातून झालेले सर्वांत मोलाचे काम सोलापुरात झाले. ४ जानेवारी १९२५ रोजी तिने तिथे माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. त्याची व्यवस्था जिवाप्पा ऐदाळे पाहत. मुलांच्या जेवणाचा, कपड्यांचा आणि पुस्तकांचा खर्च सभा करी. सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपयांची मदत दिली. तिथल्या मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवले. मुंबईत सभेने मोफत वाचनालय काढले. तरुणांनी मोकळ्या वेळात मैदानावर यावे म्हणून हॉकीचा संघही उभा केला. शाळा, पुस्तक आणि खेळ या तिन्ही ठिकाणी आपली मुले इतरांच्या बरोबरीने दिसावीत, हा त्यामागचा विचार.

वसतिगृहाला सभेने इतके महत्त्व का दिले, हे समजून घेतले की तिची दूरदृष्टी कळते. प्राथमिक शाळा काही गावांत होती. हायस्कूल मात्र जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी. खेड्यातला मुलगा चौथी झाला, त्याला पुढे शिकायचे आहे, आणि हायस्कूलच्या हेडमास्तरांनी ठरावाचा मान राखून त्याचे नाव दाखल करूनही घेतले, असे धरले तरी तो राहणार कुठे? त्या काळी त्याला खोली मिळणे कठीण, खानावळीत पान मांडले जाणे त्याहून कठीण, आणि पाणी भरायचे तर कोणत्या नळावर, हा वेगळाच पेच. हजेरीत नाव असलेला मुलगा दोन महिन्यांत गावी परते. दप्तरात मात्र शाळा सर्वांना खुली असल्याचीच नोंद राही. सभेने हे दुखणे नेमके ओळखले. शाळेचे दार कायद्याने उघडते, पण वर्गात टिकून राहायला संध्याकाळचे जेवण आणि रात्रीचा दिवा लागतो. न्यायालयात आणि कायदेमंडळात जे मिळवायचे, ते टिकवण्याची सोय सोलापूरच्या त्या घरात होती.

हे दुखणे किती खोल आहे, ते सभेच्या कर्त्या पुरुषाने लवकरच आकड्यांनी दाखवून दिले. १९२७ च्या आरंभी डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळाचे नियुक्त सदस्य म्हणून शपथ घेतली आणि मार्चमध्ये शिक्षणावरच्या अनुदानाच्या चर्चेत ते बोलले. प्राथमिक शाळेत प्रगत हिंदू वर्गाची दर हजारी ११९ मुले होती. मागास वर्गाची १८. माध्यमिक शाळेत हे अंतर आणखी वाढत होते. प्रगत वर्गात दर लाखामागे ३,०००, मागास वर्गात १४. महाविद्यालयात तर नावापुरतेही कोणी नव्हते. लोकसंख्येत दुसरा असलेला वर्ग शिक्षणात सर्वांत शेवटी होता. त्यांनी हिशेब मांडला, आणि शिक्षण सर्वांच्या आवाक्यात आणण्याची मागणी केली. लाखात १४ हा आकडा पाहिला की सभेने आपली थोडकी शक्ती हायस्कूलच्या मुलांच्या वसतिगृहावरच का लावली, ते वेगळे सांगावे लागत नाही.

त्याच महिन्यात महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० मार्च रोजी चवदार तळ्याचे पाणी हजारो ओंजळींत आले. महाडच्या तळ्याची हकिगत सर्वांना माहीत आहे. इथे एवढेच नोंदवावे की, बोले ठरावात पाणवठा आणि शाळा एकाच यादीत होत्या. सार्वजनिक पैशातून चालणारी गोष्ट सार्वजनिक, हा एकच मुद्दा दोन्हीकडे लागू होत होता. तळ्याचा खटला न्यायालयात दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. तोवर हितकारिणी सभा राहिली नव्हती. तिच्या हयातीत पेरलेले असे बरेच काही तिच्या पश्चात उगवले.

२९ मे १९२८ ही तारीख सभेच्या चरित्रात मृत्युपत्राच्या जागी ठेवावी अशी आहे. त्या दिवशी सायमन आयोगापुढे ठेवण्यासाठी, सभेच्या वतीने डॉ. आंबेडकरांनी मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणाच्या स्थितीवरच्या एका निवेदनावर सही केली. कंपनी सरकारच्या काळापासून १९२८ पर्यंतचा शिक्षणाचा इतिहास त्यात टप्प्याटप्प्याने मांडला आहे. कुठल्या वर्षी काय तत्त्व मान्य झाले आणि प्रत्यक्षात काय झाले, हे त्यात सरकारी कागदांच्याच आधारे दाखवले आहे. धारवाडच्या त्या मुलाचा १८५६ चा अर्ज तिथे पुन्हा उघडला गेला. बहात्तर वर्षांनी त्या अर्जाला वकील मिळाला. प्राथमिक शिक्षणाची सक्ती आणि शाळांतला प्रवेश या दोन्ही गोष्टी काटेकोरपणे अमलात आणल्याशिवाय मागासलेल्या वर्गांची शैक्षणिक प्रगती होणार नाही, असे निवेदन सांगते. त्यात आवाज चढलेला नाही. एखाद्या चांगल्या वकिलाच्या कैफियतीसारखे ते पान दर पान पुरावा ठेवत जाते आणि निष्कर्ष वाचणाऱ्याला स्वतःच काढायला लावते.

यानंतर थोड्याच दिवसांत सभा निवृत्त झाली. १४ जून १९२८ रोजी डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि वसतिगृहांचे काम तिच्याकडे गेले. काम वाढले होते. त्याला केवळ शिक्षणासाठी वाहिलेली संस्था हवी होती. सभेने नावाचा मोह धरला नाही. ऑक्टोबरमध्ये मुंबई सरकारने माध्यमिक शाळेतल्या अस्पृश्य मुलांसाठी पाच वसतिगृहांना मंजुरी आणि वार्षिक अनुदान दिले. नव्या सोसायटीच्या काळात धारवाडलाही वसतिगृह सुरू झाले. ज्या गावात एका मुलाचा अर्ज फिरला होता, त्याच गावात आता मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय झाली. सभेच्या श्रमांचे इतके चोख फळ दुसरीकडे क्वचितच दिसते.

पुढचा प्रवास तिच्या वारसांचा आहे. १९२८ च्या अखेरीस सरकारने अस्पृश्यांच्या स्थितीची पाहणी करायला स्टार्ट समिती नेमली. डॉ. आंबेडकर, डॉ. पु. गो. सोळंकी आणि अमृतलाल ठक्कर तिचे सदस्य होते. १९३० च्या तिच्या अहवालाने वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्यांवर भर दिला, आणि वेगळ्या शाळांपेक्षा सर्वांच्या शाळेत समान वागणूक मिळावी, या बाजूने कौल दिला. सभेचे एकेकाळचे उपाध्यक्ष खेर प्रांताचे प्रमुख असताना १९४६ चा सामाजिक अपात्रता निवारणाचा कायदा झाला. आणि सभेच्या व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. २६ जानेवारी १९५० पासून अस्पृश्यता संपली, हे सतराव्या कलमाने सांगितले. सरकारी खर्चाने किंवा सरकारी मदतीने चालणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात वा भाषा या कारणांवरून कोणत्याही नागरिकाला प्रवेश नाकारता येणार नाही, हे एकोणतिसाव्या कलमात आले. बोले ठराव एका प्रांताचा होता आणि सल्लावजा होता. आता तेच तत्त्व देशाचा मूलभूत हक्क झाले, आणि त्याची हद्द जालन्यापर्यंत आली.

याच सुमारास सातासमुद्रापलीकडे दुसरा एक वकील असाच झगडा लढत होता. अमेरिकेत काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या असत. वेगळ्या पण समान सोयी कायदेशीर आहेत, असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा १८९६ चा निकाल होता. थरगुड मार्शल आणि त्यांच्या सहकारी वकिलांनी तो निकाल पायरी पायरीने पोखरत नेला, आणि १७ मे १९५४ रोजी ब्राऊन खटल्यात न्यायालयाने एकमताने सांगितले की, वेगळी शाळा मुळातच असमान असते. मार्शल पुढे त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. तिथेही निकाल आणि वर्ग यांच्यात अंतर उरलेच. १९५७ मध्ये लिटल रॉक गावच्या हायस्कूलमध्ये नऊ मुलांना पोचवायला राष्ट्राध्यक्षांना लष्कर पाठवावे लागले. दोन देशांचे इतिहास वेगळे आहेत आणि दुःखांची जात वेगळी आहे. पण हितकारिणी सभेला १९२५ मध्ये जे कळले होते, ते तिथेही खरे ठरले. वकिलाने मिळवलेला हक्क मुलाच्या हाती पडेपर्यंत कोणीतरी त्याच्या सोबत चालावे लागते.

मराठवाड्यात ही सोबत उशिरा पोचली. ३० डिसेंबर १९३८ रोजी भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने कन्नडजवळ मक्रणपूरला परिषद भरली आणि डॉ. आंबेडकर निजामाच्या हद्दीत लोकांशी बोलले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली आणि काळ पालटला. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावाजले. महाविद्यालयाच्या नागसेनवन या आवारात वर्गांबरोबर वसतिगृहेही उभी राहिली, आणि ही सोलापूरचीच शिकवण होती. जालन्याहून रेल्वेने सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या त्या आवारात या भागातली मुले ट्रंक आणि वळकटी घेऊन उतरली. शिकून परतली तेव्हा कोणी मास्तर झाले, कोणी तलाठी, कोणी वकील. मस्तगडच्या अभिवादनात दिसणाऱ्या कितीतरी घरांची गोष्ट तिथून सुरू होते. सभेचे नाव त्या मुलांनी ऐकले असो वा नसो, तिने घालून दिलेल्या रीतीनेच ती शिकली.

२०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. साताऱ्याच्या शाळेतल्या त्या प्रवेशाची आठवण जालना जिल्ह्यातल्या शाळांतही त्या दिवशी काढली जाते. प्रवेशाचा दिवस लक्षात राहणे साहजिक आहे. त्याच्या शेजारी ४ जानेवारीही लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या दिवशी सोलापुरात काही मुलांना राहायला घर मिळाले, आणि प्रवेशाला अर्थ आला.

आजही दर वर्षी जून महिन्यात अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन, जाफराबाद, बदनापूर या तालुक्यांतली मुले शिकायला जालन्यात येतात. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक आणि जातीचा दाखला जोडून ती दोन अर्ज भरतात, एक प्रवेशाचा आणि एक वसतिगृहाचा. पहिला अर्ज करण्याचा हक्क बॅरिस्टर आंबेडकरांनी कायदेमंडळात, आयोगापुढे आणि घटनेत लढून मिळवला. दुसऱ्या अर्जामागे शिवतरकरांचा पत्रव्यवहार आहे, ऐदाळ्यांनी सांभाळलेले सोलापूरचे घर आहे आणि नगरपालिकेचे महिन्याचे ४० रुपये आहेत. हे दोन अर्ज एकमेकांवाचून अपुरे आहेत, हे चार वर्षांच्या आयुष्यात ओळखून तसे वागून दाखवणारी संस्था म्हणजे बहिष्कृत हितकारिणी सभा. ते दोन्ही अर्ज भरणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आणि मुलीच्या वतीने, तिला आणि तिच्यासाठी राबलेल्या हातांना कृतज्ञतापूर्वक श्रद्धांजली.